रेझिस्टर बदलू नका, आधी मीटर तपासा

बॅटरीचे व्होल्ट आर्डुइनो ऊनो बोर्डाने मोजायला तुम्ही डिव्हायडर, म्हणजे व्होल्टेज विभागणारी दोन रेझिस्टरची जोडी, लावलाय: बॅटरी १२.६ व्होल्ट, वर १ मेग (१० लाख ओहम), खाली ४७० के (४७० हजार ओहम), मधलं टोक ऊनोच्या ए-झिरो या मोजणीच्या पिनला. गणिताने मधल्या टोकावर ४.०३ व्होल्ट यायला हवेत, मीटर ३.०५ दाखवतो, म्हणून रेझिस्टर बदलू का, असं तुम्ही विचारलंय. खराब समजून बदलू नका. या चक्रातून मी गेलोय.

स्वस्तातल्या पिवळ्या मीटरचा स्वतःचा रोध डीसी व्होल्टवर साधारण १ मेग असतो. पिना टेकवल्या की तो तुमच्या ४७० केला पॅरलल बसतो, खाली ३२० केच उरतात आणि ३.०५ येतात. अगदी तुमचाच आकडा. पिना काढल्या की ४.०३ परत.

खात्री करायचीय? बॅटरीचं प्लस आणि लाल पिन यांच्यामध्ये १ मेगचा रेझिस्टर (तपकिरी-काळा-हिरवा) धरा, काळी पिन मायनसला. ६.३ दिसले तर मीटर १ मेगचा, ११.४५ च्या आसपास दिसले तर १० मेगचा.

आमच्या शेतावरचं कुंपणाचं झटका मशीन 'बॅटरी कमी' दाखवून सारखं बंद पडायचं. दुरुस्ती केंद्रातल्या माणसानं असाच मीटर डिव्हायडरच्या मध्यावर टेकवला, आकडा कमी आला, 'बोर्ड गेला' म्हणून नवा बोर्ड गळ्यात मारला. नव्यावरही तोच आकडा, मग म्हणे बॅटरी गेली. तीही घ्यायला लावली. मशीन चालू ठेवून बॅटरीच्या टोकांवर एकदा आणि बोर्डाच्या इनपुटवर एकदा मोजा, एवढं सांगूनही कुणी मोजलं नाही. दोष जुन्या क्लिपमध्ये होता. आत पांढरा-हिरवा थर साचलेला, लोड आला की व्होल्ट तिथेच पडायचे. गरम पाणी, खायचा सोडा आणि ब्रश, संपलं काम. तोवर रानडुकरांनी भुईमूग उकरून टाकला होता. मीटर काय मोजतोय हे न कळता सुटे भाग बदलत राहणं, याला मी दुरुस्ती म्हणत नाही. पैसे मात्र पूर्ण घेतात.

तुमचे रेझिस्टर खराब नाहीत, पण ऊनोला ते फार मोठे पडतात, म्हणून तुम्ही वर ३० के, खाली १० के घाला. १२.६ ला ३.१५ मिळतील, चार्जिंगच्या १४.४ ला ३.६. ऊनोच्या एडीसीला (व्होल्टचा आकडा करणाऱ्या भागाला) समोरचा रोध, म्हणजे दोन्ही रेझिस्टर पॅरलल धरून येणारा, १० केच्या आत लागतो. या जोडीचा ७.५ के भरतो, तुमच्या आत्ताच्या जोडीचा ३२० के. सतत ०.३ मिलिअँप जाईल, ७ अँप-तासाच्या बॅटरीला ते किरकोळ आहे. मोठेच रेझिस्टर ठेवायचे असतील तर मधल्या टोकापासून ग्राउंडला (मायनसला) १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावा. बॅटरीसारख्या सावकाश बदलणाऱ्या व्होल्टेजला तेवढं पुरतं, असा माझा अनुभव. तुमची वायरिंग मी पाहिलेली नाही, तेव्हा दोन्हीकडचं ग्राउंड एकच आहे ना, ते बघा.

जाता जाता, यूएसबीवर ऊनोचे ५ व्होल्ट नेमके ५ नसतात आणि एडीसी त्यांच्याच आधारे मोजतो. ऊनोची ५ व्होल्टची पिन मोजून खरा आकडा प्रोग्रॅममध्ये टाका. आणि हे सगळं बॅटरीपुरतंच. घरच्या २३० व्होल्टवर असा डिव्हायडर लावून ऊनोला जोडू नका, कुणी कितीही सोपं सांगितलं तरी.