वाचकांचे प्रश्न : बनारसला जाताना पंचांग सोबत ठेवा

आम्ही चौघे कार्तिकात तीन दिवस बनारसला जाणार आहोत. विश्वनाथाचं दर्शन, दशाश्वमेधावरची आरती आणि नावेतून फेरी, एवढंच सगळे सांगतात. तिथल्या माणसांचं रोजचं बनारस कुठे पाहायला मिळेल?

आधी वेळ ठरवा, जागा आपोआप सापडतील. गंगा इथे उत्तरेकडे वाहते आणि सगळे घाट पश्चिम काठावर, पूर्वेकडे तोंड करून आहेत. सकाळचं ऊन सरळ पायऱ्यांवर येतं, दुपारनंतर मागच्या उंच इमारतींची सावली पडते. म्हणून तिथला माणूस पहाटे स्नानाला, तालमीला येतो आणि मग थेट दिवस कलल्यावर गप्पांना. बाहेरचे पाहुणे नाश्ता करून दहाला घाटावर पोचतात, तेव्हा त्यांना बहुतेक दुसरे पाहुणेच भेटतात.

पाचच्या सुमारास अस्सी घाटावर या. तिथे सकाळची आरती आणि नंतर शास्त्रीय गायन-वादन असतं. हा उपक्रम 2014 मध्ये सुरू झाला. मग पाण्याच्या कडेने उत्तरेकडे चालायला लागा : तुलसी घाट, केदार घाट, दशाश्वमेध, मणिकर्णिका, पंचगंगा. अंतर साधारण चार किलोमीटर. थांबत, बसत गेलात तर अडीच तास धरा. पंचगंगेला लागून दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट आहेत, तिथल्या गल्ल्यांत जुनी मराठी वस्ती आहे.

एक गोष्ट तिकीट काढण्यापूर्वी तपासा. उत्तरेतला महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे तिथला कार्तिक आपल्या आश्विन वद्य प्रतिपदेला, म्हणजे कोजागरीच्या दुसऱ्या दिवशीच सुरू होतो. आपली कालनिर्णयातली तारीख धरून गेलात तर त्यांचा अर्धा कार्तिक उलटलेला असतो. या महिन्यात पंचगंगा घाटावर पितरांसाठी आकाशदीप लावतात : वेताच्या टोपलीत दिवा ठेवून ती दोरीने उंच बांबूच्या टोकाशी चढवायची. एक संध्याकाळ दशाश्वमेधाची गर्दी सोडून तिथे काढा. कार्तिक शुद्ध चतुर्थीला गावात असाल तर तुलसी घाटावरची नागनथैया चुकवू नका. कृष्ण झालेला मुलगा कदंबाच्या फांदीवरून गंगेत उडी घेतो आणि कालियाच्या फण्यावर उभा राहून वर येतो. प्रसंग काही मिनिटांचाच असतो, जागा मात्र दुपारीच धरावी लागते. देवदिवाळी, म्हणजे कार्तिक पौर्णिमा, देखणी असते. पण त्या रात्री घाटावर पाऊल ठेवायला जागा नसते. निवांतपणा हवा असेल तर ती तारीख टाळा.

महिन्याच्या सुरुवातीला खालच्या पायऱ्यांवर पुराचा गाळ असू शकतो. पकड असलेली चप्पल घाला आणि ओल्या, हिरवट दगडावर पाय देऊ नका.

खाण्यासाठी चांगलं ठिकाण कसं ओळखायचं? रिक्षावाला नेतो तिथे महाग पडतं.

‘चांगलं कुठे मिळतं?’ हा प्रश्न विचारला की दलाली मिळणाऱ्या दुकानाचं नाव येतं. त्याऐवजी ज्याला तुम्हाला काही विकायचं नाही अशा माणसाला विचारा, ‘आज सवेरे आपने कचौड़ी कहाँ खायी?’ उत्तर खरं मिळतं, आणि बरेचदा माणूस सोबत चार पावलं चालून गल्लीचं तोंडही दाखवतो.

इथेही वेळेचंच गणित. कचोरी-भाजी आणि जिलबी ही सकाळची. दहानंतर उरलेली मिळते. ही कचोरी आपल्याकडच्यासारखी कोरडी, खुसखुशीत नसते. फुगलेली, पुरीच्या जातीची, आत उडदाच्या डाळीचं वाटण. टमाटर चाट संध्याकाळची. मलइयो फक्त थंडीत आणि फक्त सकाळी : आटवलेलं दूध रात्रभर उघड्यावर दवात ठेवतात, पहाटे घुसळून वरचा फेस काढतात, त्यात केशर-वेलची. ऊन वर आलं की फेस बसतो. उन्हाळ्यात कुणी मलइयो देऊ केला तर घेऊ नका.

विणकराच्या घरून बनारसी साडी घ्यायची आहे. फसवणूक कशी टाळावी?

मदनपुरा, पीली कोठी, सराय मोहाना या भागांत माग आहेत. शुक्रवारी जाऊ नका, बहुतेक माग बंद असतात. आणि मागावरची साडी बहुधा विणकराची नसते. रेशीम आणि नक्षी गिरस्ता, म्हणजे काम देणारा मालक, देतो, विणकर मजुरीवर विणतो, पुढे गद्दीदार, म्हणजे व्यापारी, विकतो. त्यामुळे ‘हीच कितीला देता?’ असं विचारलं की तो अडचणीत येतो. काम पाहा, त्याला गिरस्त्याचं नाव विचारा आणि खरेदी तिथे करा. रिक्षावाल्याने ‘विणकराचं घर’ म्हणून नेलेल्या दुकानात दारातच एक माग मांडलेला असेल तर त्या मागावर कापड किती पुढे सरकलंय ते बघा. धूळ बसली असेल तर तो माग केवळ दाखवायचा आहे.

साडी नेहमी उलटी करून तपासा. कढुआ विणीत प्रत्येक बुट्टी वेगळ्या छोट्या तिल्लीने (धाग्याच्या कांडीने) हाताने भरतात, म्हणून मागे बुट्टी ते बुट्टी धावणारा धागा नसतो. फेकुआत जरीचा धागा या काठापासून त्या काठापर्यंत जातो आणि मधले सुटे धागे नंतर कापतात. मागे कापलेली टोकं हाताला लागतात. फेकुआ हातमागावरही होतो, तो खोटा नव्हे, पण कढुआच्या भावाने घेऊ नये. यंत्रमागावरची नक्कल या फेकुआसारखीच दिसते. हातमागावर कापड ताणून धरणाऱ्या पट्टीच्या टाचण्यांची बारीक छिद्रं कडेला दिसतात, तीही शोधा. मात्र त्या एकाच खुणेवर विसंबू नका.

सिल्क मार्क फक्त धागा रेशमी असल्याचं सांगतो. साडी हातमागाची असल्याची खूण वेगळी, हँडलूम मार्क. पदराच्या टोकाचा एखादा धागा दुकानदाराच्या परवानगीने जाळून पाहा. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरगळते. कृत्रिम धागा वितळून कडक मणी होतो. जरीची तार कोणती, चांदीची, तांब्याची की प्लास्टिकची, ते बिलावर लिहून घ्या. पावती द्यायला नकार दिला तर उठा.

होडी ठरवताना काय बोलावं?

चार गोष्टी चढण्याआधी : वल्ह्याची की मोटारीची, कुठून कुठपर्यंत, किती वेळ, आणि दर अख्ख्या नावेचा की माणशी. भांडणं चौथ्यावरूनच होतात. वल्ह्याची घ्या, घाटावरचे आवाज ऐकू येतात. पावसाळ्यात पाणी चढलं की नावा बंद ठेवतात.

आईबाबांना गाण्याची आवड आहे. तिकिटाच्या कार्यक्रमांशिवाय काही?

संकटमोचन मंदिरातला संगीत समारोह हनुमान जयंतीच्या सुमारास काही रात्री, संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चालतो. 1923 पासूनची परंपरा आहे आणि प्रवेश मोफत. जमिनीवर बसावं लागतं, तेव्हा पाठीला टेकायला भिंतीकडेची जागा लवकर धरा. दुपारी झोप काढून मध्यरात्रीनंतर जाणं ज्येष्ठांना सोयीचं. गर्दी ओसरलेली असते आणि पहाटेचे राग त्यांच्या वेळेला ऐकायला मिळतात. महाशिवरात्रीच्या आसपास तुलसी घाटावर ध्रुपद मेळा असतो, तोही मोफत.

आश्विनात गेलात तर पलीकडच्या काठावरची रामनगरची रामलीला पाहा. अनंत चतुर्दशीपासून सुमारे महिनाभर चालते. माईक नाही, विजेचे दिवे नाहीत. मशाली आणि पेट्रोमॅक्स. संवादाआधी ‘चुप रहो, सावधान’ अशी हाळी येते आणि हजारोंचा जमाव गप्प होतो. कित्येक जण रामचरितमानसाची छोटी पोथी उघडून चौपाई सोबत म्हणतात. प्रसंगानुसार जागा बदलते, म्हणून त्या दिवशी लीला कुठे आहे ते सकाळीच विचारून ठेवा. मध्ये संध्येसाठी मोठी विश्रांती होते, तेव्हा लीला संपली असं समजून बाहेर पडू नका. परतीचं वाहन जातानाच ठरवा.

मणिकर्णिकेवर फोटो काढता येतात का?

नाही, तो स्मशानघाट आहे. नावेतूनही नाही. ‘गरिबांच्या लाकडांसाठी’ पैसे मागणाऱ्याला हात जोडा आणि पुढे चला. चितेपाशी आलेली माणसं आपल्या माणसाला निरोप देत असतात, त्यांच्यापासून अंतर ठेवा.