तान्ह्या बाळाचे परावलंबन आणि ‘मी’ची घडण : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सतत उचलून घेतले तर बाळाला हातांची सवय लागेल, असे सासूबाई बजावतात. त्यामुळे मूल परावलंबी होते का?

उत्तर : तान्हे मूल परावलंबी असतेच. लंडनचे बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट तर म्हणत की नुसते बाळ कधी आढळतच नाही, आढळते ते बाळ आणि त्याला सांभाळणारे कोणीतरी. त्यांच्या मते पहिल्या काही आठवड्यांत आई बाळाच्या गरजांशी जवळजवळ पूर्ण जुळवून घेते, भूक लागताच दूध समोर येते आणि ते आपणच निर्माण केले असा भ्रम बाळाला होतो. हा भ्रम आवश्यक असतो. पुढे, बाळाला सोसेल इतपतच, आईकडून उशीर होऊ लागतो आणि जग आपल्याबाहेर आहे हे त्याला उमगू लागते. सासूबाईंच्या म्हणण्याला म्हणूनच थोडा आधार आहे, पण तो नंतरच्या महिन्यांपुरता. एकटे राहता येण्याची क्षमतासुद्धा, विनिकॉट यांच्या 1958च्या निबंधानुसार, आई जवळ असताना निवांत एकटे राहण्याच्या अनुभवातूनच येते.

प्रश्न : मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांनी शिशूच्या असहायतेला इतके महत्त्व का दिले?

उत्तर : भुकेचा ताण बाळ स्वतः शमवू शकत नाही. 1895 साली लिहिलेल्या आणि मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या टिपणात फ्रॉइड सांगतात, की रडणे हा आधी केवळ ताणाचा निचरा असतो, परंतु कोणीतरी धावून येते म्हणून त्याला संदेशाचे मोल येते. माणसाच्या नैतिक प्रेरणांचा उगमही ते याच असहायतेत पाहतात. एवढे मोठे विधान त्यांनी ओझरतेच केले, याचे मला नेहमी नवल वाटते.

प्रश्न : आमची आठ महिन्यांची मुलगी आरशात पाहून हसते. तिला ‘मी’ कळला का?

उत्तर : आरशातील प्रतिमा आपलीच आहे, हे बहुतेक मुलांना साधारण दीड ते दोन वर्षांच्या सुमारास ओळखता येते. फ्रेंच मनोविश्लेषक झाक लाकाँ मात्र सहा ते अठरा महिन्यांच्या काळाला महत्त्व देतात : शरीरावर अजून ताबा नसलेले मूल अखंड प्रतिमेवर भाळते, आणि त्याचा ‘मी’ असा बाहेरून उसना येतो. मला विनिकॉट यांची 1967ची मांडणी अधिक पटते, कारण त्यांच्या लेखी पहिला आरसा म्हणजे आईचा चेहरा. बाळाकडे पाहताना आईच्या चेहऱ्यावर जे उमटते, त्यात बाळाला स्वतःचा प्रत्यय येतो. आई नैराश्यात बुडालेली असेल, तर त्याला तिची मनःस्थितीच दिसत राहते. अशा वेळी आईला दोष न देता तिच्यावर उपचार व्हावेत, आणि तोवर वडील, आजी किंवा काकू यांनी बाळाला रोज पुरेसा वेळ द्यावा.