माळ्यावरची विमानं

माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्यांचा ‘या वयात हे शोभतं का’ हा प्रश्न पहिल्या भेटीत सहसा बाहेरच येत नाही. झोप लागत नाही, चिडचिड होते, घरात बोलणं कमी झालंय असं सगळं सांगून होतं आणि मग उठता उठता कधीतरी हळूच निघतो. कुणाला पन्नाशीत परत कथक सुरू करायचं असतं, कुणाला तबला, आणि ज्यांच्याबद्दल आज लिहितेय त्यांना विमानं बनवायची होती. प्लास्टिकची, स्केल मॉडेल्स, म्हणजे खऱ्या विमानाच्या प्रमाणात केलेल्या छोट्या प्रतिकृती. त्यांना विचारून लिहितेय आणि ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.

वय 47, चांगली नोकरी, घरी बायको, आई आणि दहावीतली मुलगी. लहानपण ओझरला गेलं, वडील एचएएलमध्ये, म्हणजे विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीत होते. नाशिकजवळचा हा कारखाना 1964 मध्ये मिग-21 ही लढाऊ विमानं बनवण्यासाठीच सुरू झाला, त्यामुळे तिथल्या पोरांना आवाजावरून विमान ओळखता यायचं. सातवीत असताना गल्फमधल्या मामाने त्यांना हंटर विमानाचं एक किट, म्हणजे जोडायच्या सुट्या भागांचा डबा, आणून दिलं, ते अर्धं झालं आणि मग दहावी, बारावी, इंजिनिअरिंग, नोकरी, होम लोन, तुम्हाला माहितीये पुढचं सगळं. 26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला हवाई दलाने मिग-21 ला निरोप दिला तो कार्यक्रम ते ऑफिसात मोबाईलवर बघत होते, डोळ्यात पाणी आलं, बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं आणि त्याच रात्री मिगचं एक किट ऑर्डर केलं. मग अजून एक. मग नॅट, मग मारुत, हीसुद्धा हवाई दलाची जुनी विमानं. कुरिअर ऑफिसच्या पत्त्यावर, आणि घरी आणून माळ्यावर जुन्या सुटकेसमध्ये, बायको झोपल्यावर.

आणि एकही डबा उघडला नव्हता!

मॉडेल्स बनवणारी मंडळी अशा न उघडलेल्या साठ्याला स्टॅश म्हणतात आणि तो बऱ्याच जणांकडे असतो, त्यात काळजी करण्यासारखं काही नाही. पण लपवलेला साठा म्हटलं की मी जरा जास्त विचारते. मी विचारलं, का नाही उघडला? तर म्हणाले, “मॅडम, रविवारी बसायचं ठरवतो पण बसलो की वाटतं काहीतरी काम टाकून बसलोय, पोरीची दहावी आहे, आईचं बीपी आहे, आणि मी इथे खेळतोय.” शिवाय व्हिडिओ बघून बघून धास्ती घेतलेली. लोक एअरब्रशने, म्हणजे रंगाच्या बारीक फवाऱ्याने, काय शेड मारतात, पत्र्यांच्या जोडाच्या रेषांमध्ये शाई सोडतात, एकेक रिव्हेट दिसतो, आपल्याला हे जमणार नाही मग कशाला किट वाया घालवा.

पुढच्या भेटीला ते चक्क तयारी करून आले आणि सांगायला लागले. 1942 मध्ये अमेरिकन नौदलाने शाळेतल्या मुलांकडून पाच लाख विमानांची मॉडेल्स बनवून मागवली होती, 1:72 स्केलमध्ये, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढी, त्यांच्या किट्ससारखीच, कारण सैनिकांना शत्रूचं आणि आपलं विमान लांबून ओळखायला शिकवायचं होतं, म्हणजे ही खेळणी नाहीत मॅडम. माहिती खरी आहे आणि मला ती ऐकायला मनापासून आवडली, पण मी त्यांना एवढंच विचारलं की ही केस तुम्ही कुणापुढे मांडताय? घरात कुणी काही बोललं का? तर नाही. घरात कुणाला माहीतच नव्हतं.

माझ्या मते इथेच खरी गोची होती. छंदाला परवानगी मिळवायची तर एकतर तो उपयोगी आहे हे सिद्ध करायचं, नाहीतर पहिलाच नमुना एकदम प्रदर्शनात ठेवण्यासारखा बनवायचा, नाहीतर सगळी कर्तव्यं संपल्यावर करायचा, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. या तीनपैकी एकही अट कधी पुरी होत नाही. मग माणूस करत काहीच नाही, नुसतं विकत घेतो आणि लपवतो, आणि लपवल्यामुळे अजून अपराधी वाटतं.

एक गोष्ट मात्र आधी तपासून घेतली, कारण ‘आवडीची गोष्टसुद्धा हातात घ्यावीशी वाटत नाही’ हे नैराश्याचंही लक्षण असतं. दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळपास रोज मन उदास, कशातच रस नाही, झोप-भूक बिघडलेली, जगण्यात अर्थ नाही असे विचार, असं असेल तर किट उघडायच्या गप्पा बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जायचं. टेलि-मानसच्या 14416 वर सरकारी मदत आहे, मराठीतून बोलता येतं. यांच्याबाबत तसं नव्हतं, विमानाचा विषय निघाला की माणूस पाऊण तास न थांबता बोलायचा.

मग आम्ही ठरवलं की नवीन डब्यांना हात लावायचा नाही, मामाने दिलेलं ते अर्धवट हंटर शोधायचं. ते आईने ट्रंकेत जपून ठेवलेलं निघालं, पंखावर जुन्या गोंदाच्या तारा, अंगठ्याचा ठसा उमटलेला. आधीच बिघडलेलं आहे ना, म्हणजे अजून बिघडवायची भीती नाही. आठवड्यातून दोनदा पाऊण तास, मूड असो नसो, वेळ झाली की बसायचं आणि वेळ संपली की उठायचं. आमच्या भाषेत याला बिहेविअरल ॲक्टिव्हेशन म्हणतात, मूडची वाट बघायची नाही, आधी कृती, मूड मागून येतो.

पहिल्याच आठवड्यात फोन, “हात थरथरतो, वय झालं.” मी म्हटलं आधी डोळे तपासा. चाळिशीचा नंबर दोन वर्षांत बदलला होता! 1:72 म्हणजे एका इंचात सहा फूट, खरा मिग पंखाच्या टोकापासून टोकापर्यंत 7.15 मीटर तर मॉडेल जेमतेम 10 सेंमी, आणि आतला पायलट उभा केला तरी अडीच सेंमीचा. त्याच्या हेल्मेटला रंग द्यायचा तर दिसायला तर पाहिजे. नवा चष्मा, डोक्याला लावायचं भिंग, टेबल लॅम्प, कोपरं टेबलावर टेकवून काम, एवढ्यावर थरथर बरीचशी गेली.

आता डिकल्सची गोष्ट. डिकल म्हणजे विमानावरची चिन्हं आणि नंबर, ती कोमट पाण्यात बुडवून कागदावरून सरकवून बसवायची असतात. जुनी झाली की पिवळी पडतात, आणि त्यावर एक छान उपाय आहे, पारदर्शक पिशवीत घालून उन्हाच्या खिडकीला चिकटवायची, काही दिवसांत पिवळेपणा बराच उतरतो. यांनी ती गॅलरीच्या काचेला लावली आणि ऑफिसला गेले. संध्याकाळी बायकोने विचारलं, अहो हे काय लावलंय? मग सगळंच बाहेर आलं, माळ्यावरच्या सुटकेससकट.

दोघं माझ्याकडे आले. ते खाली बघत बसलेले, आणि ताई म्हणाल्या, “मॅडम, मला चार महिने वाटत होतं हे ऑनलाइन रमीत पैसे घालवतायत. रात्री माळ्यावर आवाज यायचा, कार्डाचं बिल लपवायचे. विमानं करतात याचा राग नाहीये हो, मला न सांगता करतात याचा आहे.” हे ऐकून त्यांचा चेहरा जो उतरला तो मला अजून दिसतो. चार महिने बायको मुलीच्या फीचं काय होणार या काळजीत जागी राहिली होती, आणि यांना वाटत होतं की आपल्या लाजेचा त्रास फक्त आपल्यालाच होतोय.

म्हणून जे कुणी असं काही लपवून करतायत त्यांना मी कळकळीने सांगते, घरच्यांना सांगा. ‘परवानगी द्या’ असं नाही, ‘मला हे आवडतं, बुधवारी आणि रविवारी अमुक वेळ मी यात असेन, महिन्याला इतके पैसे’ असं स्पष्ट. जोडीदाराला नाही म्हणायचा, वेळ बदलून मागायचा हक्क आहे, तो त्यांनी वापरला तर तो अपमान नाही. आणि त्यांना स्वतःसाठी काय हवंय तेही त्याच बैठकीत विचारा. या ताईंना रविवारी सकाळी स्वयंपाकघरातून सुट्टी हवी होती, कित्येक वर्षं मागितलीच नव्हती. आता रविवारचे पोहे हे करतात आणि दुपारी विमानाला बसतात. थिनरचा वास आईंना सोसेना म्हणून रंग पाण्यावर चालणारे घेतले आणि टेबल गॅलरीत गेलं.

हंटर पूर्ण झालं. कॉकपिटची काच बसवताना घाईत सुपरग्लू वापरला आणि काचेवर पांढरी वाफ धरली, ती त्या गोंदाने धरतेच, तिथे साधा पांढरा गोंद लावायचा असतो जो वाळल्यावर पारदर्शक होतो. त्यांना ते मॉडेल टाकूनच द्यायचं होतं. मी म्हटलं टाकायचं नाही, दुरुस्तही करायचं नाही, हॉलच्या शोकेसमध्ये ठेवायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने विचारलं तर ‘मी बनवलं’ इतकंच सांगायचं, काचेचं कारण द्यायचं नाही. हे त्यांना पायलटचं हेल्मेट रंगवण्यापेक्षा जड गेलं, पहिल्या दोन पाहुण्यांना त्यांनी कारण दिलंच. तिसऱ्याला नाही दिलं.

आता मिगचा डबा उघडलाय. नवीन किट घेण्याआधी माळ्यावरचं एक संपवायचं असं दोघांनी मिळून ठरवलंय, आणि कुरिअर घरच्या पत्त्यावर येतं.