'लॉग इन'मधला लॉग म्हणजे लाकडाचा ओंडकाच का?

तुमचा प्रश्न असा, की लॉग म्हणजे ओंडका, तर 'लॉग इन'चा अर्थ 'आत जाणे' कसा झाला? लॉग तोच आहे, लाकडाचाच. मधे एक जहाज आणि एक वही येते, एवढंच.

शिडाच्या जहाजांचा वेग मोजायला एक लाकडी फळी असे, चतकोर भाकरीच्या आकाराची; तिलाच 'लॉग' म्हणत. गोल कडेला शिसं ठोकलेलं, त्यामुळे ती पाण्यात उभी तरंगे आणि जागची फारशी हलत नसे. तिला लांब दोरी, दोरीला ठरावीक अंतरावर गाठी. फळी जहाजामागे टाकायची. जहाज पुढे जाई तशी रिळावरची दोरी सुटत जाई. एक खलाशी वाळूचं घड्याळ धरी, दुसरा बोटांतून सरकणाऱ्या गाठी मोजी. पुढे रूढ झालेलं माप असं: घड्याळ 28 सेकंदांचं, दोन गाठींमध्ये 47 फूट 3 इंच. गणित करून बघा. सागरी मैल 1852 मीटरचा; तासाला एक मैल या वेगाने 28 सेकंदांत जवळपास तेवढंच अंतर कापलं जातं. जहाजाचा वेग आजही 'नॉट'मध्ये, म्हणजे गाठींतच सांगतात. फळी टाकून वेग मोजण्याचं वर्णन विल्यम बोर्न या इंग्रज लेखकाने 1574 सालीच लिहून ठेवलं आहे.

हे आकडे ज्या वहीत उतरवत ते लॉगबुक. मग वारा, दिशा, घडामोडी, सगळंच त्यात जाऊ लागलं आणि 'लॉग' हे 'नोंद करणे' या अर्थाचं क्रियापद झालं.

कॉम्प्युटरकडे हा शब्द आला तो 1960च्या दशकात. एमआयटीत (आपल्या कोथरूडच्या नव्हे, अमेरिकेतल्या) एकाच मशीनवर अनेकांनी काम करायची व्यवस्था झाली, तिच्यात 'लॉगिन' ही आज्ञा होती. मशीनचा वेळ फार महाग, त्यामुळे कोणी किती वापरला याचा हिशेब लागे.

म्हणून 'प्रवेश करा' हे भाषांतर मला अपुरं वाटतं. भोसरीच्या ज्या कारखान्यात मी उमेदवारी केली, तिथे गेटमधून आत शिरलं तरी मस्टरवर सही होईपर्यंत माणूस कामावर धरत नसत. टेबलाला सुतळीने बांधलेलं पेन, नावापुढचा रिकामा चौकोन, आणि वेळ टळली की त्यात लाल शाईचा लेट मार्क. लॉग इन म्हणजे ती सही. नुसतं दारातून आत येणं वेगळं.

लिहिताना एक सांभाळा: क्रियापद असेल तर 'लॉग' आणि 'इन' हे दोन सुटे शब्द, नाम असेल तर जोडून. 'लॉगिन पेज' जोडून. पण 'प्लीज लॉग इन' तोडून. नोकरीच्या अर्जात ही चूक खूप दिसते.