स्वस्त पिशवी लवकर का संपते?

प्रश्न : सुपरमार्केटमधली तेलाची पिशवी वाण्याकडच्यापेक्षा स्वस्त मिळते, पण महिनाभर पुरत नाही. असं का?

उत्तर : पिशवीवरचं निव्वळ वजन वाचा. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. तेवढ्याच दिसणाऱ्या काही पिशव्यांत ८०० किंवा ८५० ग्रॅमच असतं. समजा, ८०० ग्रॅम १२८ रुपयांना आणि ९१० ग्रॅम १४० रुपयांना आहे. पहिली किलोला १६० रुपये पडते, दुसरी साधारण १५४. वेष्टनावर प्रतिग्रॅम दर छापलेला असतो, पण तो एमआरपीवरून काढलेला. सूट असेल तर भागाकार नव्याने कराच. फळीवरची किंमतपट्टी जुनी राहिली की बिलात वेगळाच दर लागतो. तो काउंटर सोडण्याआधी दाखवा. एमआरपीपेक्षा जास्त पैसे घेतले, तर बिल जपून ठेवा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.