सूज बरं करायला येते, मग घात कसा करते?

प्रश्न : वडील ५८ वर्षांचे, गेली तीस वर्षं सुपारी खातात. तिखट खाल्लं की तोंडाची आग होते, तोंड पूर्ण उघडत नाही. गालाचा तुकडा तपासला. रिपोर्टमध्ये 'सबम्युकस फायब्रोसिस, जुनाट दाह' आलं, कॅन्सर नाही. पण सुपारी सोडली नाही तर होऊ शकतो, असं डॉक्टर म्हणाले. सूज तर जखम भरायला येते ना? मग रोज एक सुजेची गोळी दिली तर?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : मी पॅथॉलॉजिस्ट. मला पेशंट भेटत नाही, त्याचा तांदळाएवढा तुकडा भेटतो. असा गाल सूक्ष्मदर्शकाखाली धरला की गुलाबी रंगावर नाचणी सांडल्यासारखे जांभळे ठिपके दिसतात. त्या दाहाच्या, म्हणजे सुजेच्या, पेशी. खाली कोलॅजन या चिवट, तंतुमय प्रथिनाचे जाड पट्टे असतात; सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात ते यालाच. गाल ताठतो तो त्यांच्यामुळे.

जखम भरली की या पेशींनी निघून जायचं असतं. पण सुपारी रोज घासते, म्हणून त्यांचा मुक्काम हलत नाही. त्या रसायनांतून निरोप धाडत राहतात. इंटरल्युकिन-६ हा त्यातलाच एक. तो शेजारच्या पेशीला बाहेरून चिकटतो, आत स्टॅट-३ नावाचं प्रथिन जागं होतं, केंद्रकात शिरतं आणि 'वाढ, मरू नकोस' सांगणारी जनुकं चालू करतं. जखमेच्या कडेला हा हुकूम हवाच, नाहीतर कातडी भरणार कशी? पण दाहाच्या पेशी डीएनएला ओरखडे पाडणारी रसायनंही सोडतात. ओरखडा पडलेल्या पेशीलाही तोच हुकूम मिळतो, तिथे गाडं बिघडतं. पुढे काही कॅन्सरपेशी इंटरल्युकिन-६ घरच्या घरीच बनवू लागतात.

ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर (गाठ मारणारा घटक) या दुसऱ्या निरोप्याची तर गंमतच आहे. १९७५ साली उंदरांतल्या गाठी मारतो म्हणून त्याचं हे बारसं झालं. तोच थोडाथोडा वर्षानुवर्षं झिरपत राहिला तर गाठीला खतपाणी घालतो!

गोळी मात्र नको. रोजच्या गोळीने पोटात रक्तस्राव होऊ शकतो, मूत्रपिंडांवर ताण येऊ शकतो, आणि गालात साचलेलं कोलॅजन काही विरघळत नाही. इंटरल्युकिन-१ बीटा या आणखी एका निरोप्याला अडवणारं कॅनाकिनुमॅब हे औषध दहा हजारांवर हृदयरोग्यांना दिलं, तेव्हा फुप्फुसाचा कॅन्सर कमी जणांना झालेला दिसला. २०१७ मध्ये ते छापून आलं. पण जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू वाढले, आणि आधीच कॅन्सर असलेल्यांवरच्या पुढच्या चाचण्यांत ते फसलं. हुकूम एका निरोप्याचा नसतो, म्हणूनही असेल.

तंबाखू नाही, 'नुसती' सुपारी आहे, असं वडील म्हणत असतील. नुसत्या सुपारीनेही कॅन्सर होतो. ती बंद. दर महिन्याला त्यांना आरशासमोर उभं करा, त्यांचीच तीन बोटं उभी धरून दातांमध्ये जातात का बघा आणि तारीख घालून वहीत लिहा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली तर वही घेऊन लगेच डॉक्टरांकडे; जुना रिपोर्ट दाखवून 'कॅन्सर नव्हता' म्हणत बसू नका.