परभणीकडचा आहे, झूलॉजीत बीएस्सी करतोय. मत्स्यशास्त्रात पुढं शिकण्यात अर्थ आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : बीएस्सीचं शेवटचं वर्ष चालू आहे, मत्स्यपालन आणि जलशास्त्रात पदव्युत्तर शिकायचंय, पण घरचे म्हणतात, "टँकरच्या गावात मासे शिकून काय करणार?" मी उदगीरच्या मत्स्य विज्ञान महाविद्यालयातून बीएफएस्सी, म्हणजे मत्स्यशास्त्राची पदवी, केली आणि वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेतून एमएफएस्सी, म्हणजे त्याचीच पदव्युत्तर पदवी, विषय जलीय पर्यावरण व्यवस्थापन. आता लातूर-नांदेड पट्ट्यात शेततळेवाल्यांना सल्ला देऊन पोट भरतो. तेव्हा मी जे सांगेन ते याच पट्ट्यातलं, कोकणाला लागू होईलच असं नाही.

आधी पात्रतेचं बोलू, कारण बरेच जण तिथंच अडकतात. एमएफएस्सी वेगळं आणि झूलॉजीतून फिशरीज घेऊन केलेलं एमएस्सी वेगळं. आयसीएआरच्या (भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या) प्रवेश परीक्षेतून एमएफएस्सीला जायचं तर चार वर्षांची बीएफएस्सी लागते. झूलॉजीची बीएस्सी कितीही टक्क्यांची असली तरी तिथं चालत नाही. काही क्लासवाले हे फी घेतल्यावर सांगतात. तुमच्यासाठी एमएस्सीचा रस्ता मोकळा आहे. संभाजीनगरचं मराठवाडा विद्यापीठ आणि नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ, दोन्हीकडे झूलॉजीत फिशरीजकडे वळता येतं. कोणत्या कॉलेजात तो विशेष विषय यंदा चालू आहे, हे मात्र तिथं जाऊन विचारा. माहितीपत्रकात विषय असतो आणि शिकवणारा नसतो, असंही होतं. लांब जायची तयारी असेल तर अण्णामलै विद्यापीठाचं परंगीपेट्टईचं केंद्र आहे, पाँडिचेरी विद्यापीठाचा पोर्ट ब्लेअरचा (आता श्री विजयपुरम) परिसर आहे. तिथं सागरी जीवशास्त्र शिकवतात. समुद्रच हवा असेल तर जा. परत परभणीला यायचं असेल तर जरा थांबून विचार करा.

आता घरच्यांच्या प्रश्नाकडे येतो. मराठवाड्यात पाणी नाही, हे अर्धंच खरं. जायकवाडी, येलदरी, सिद्धेश्वर, माजलगाव, मांजरा, विष्णुपुरी ही सगळी धरणं आपलीच. शिवाय 'मागेल त्याला शेततळे' योजनेनंतर गावोगाव तळी झाली. जालन्याकडे तर मोसंबी जगवायची म्हणून प्लास्टिक अंथरलेली मोठमोठी तळी आहेत. आपल्याकडे पाणी थोडं आहे आणि थोड्याच महिन्यांचं आहे. अशा पाण्यात मासा वाढवणं आंध्रातल्या भीमावरमपेक्षा अवघड, म्हणून इथं शिकलेला माणूस लागतो. तिकडे तळ्याला कालव्याचं पाणी मिळतं. आपल्याकडे मार्चनंतर तळ्याची पातळी रोज उतरते, कारण पहिला हक्क मोसंबीचा. मासे तेवढेच, पाणी निम्मं आणि ऊन चाळिशीच्या पुढं.

म्हणून विषय निवडताना माझं मत पाण्याच्या बाजूनं. मत्स्यसंवर्धन, आहार, आरोग्य, आनुवंशिकी, मासळीप्रक्रिया हे सगळेच चांगले विषय आहेत. पण आपल्याकडे मासा रोगानं मेला असं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा तो पाण्यानं मेलेला असतो. मला येणाऱ्या फोनचं उदाहरण देतो. श्रावण-भाद्रपदात चार दिवस झड लागली, ऊन पडलंच नाही, की पहाटे पाचला फोन वाजतो : "साहेब, मासे वर यायलेत, तोंड उघडायलेत, काय करू?" तळं हिरवंगार असतं, मालकाला त्याचा अभिमानही असतो. ते हिरवं शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू बनवतं आणि रात्रभर माशांबरोबर तोच वापरतं. ढग असले की कमाई बंद, खर्च चालू. पहाटेपर्यंत शिल्लक संपते. तशात पाणी तापलं की मुळात प्राणवायू कमी धरतं : 20 अंशाला लिटरमागं 9 मिलिग्रॅमच्या आसपास, 35 अंशाला 7 च्या आत. कार्प माशाला (कटला, रोहू, मृगळ वगैरे) निदान 5 तरी हवेत.

अशा वेळी माणूस पहिल्यांदा काय करतो? चुन्याची गोणी आणून ओततो. दुकानदारानं सांगितलेलं असतं, चुना सगळ्यावर चालतो. पण खाद्य जास्त पडलेल्या तळ्यात अमोनिया साठलेला असतो, आणि तो किती विषारी हे पाण्याच्या सामूवर (पीएच) ठरतं. 25 अंश तापमानाला सामू 7 असेल तर त्यातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. सामू 9 झाला की एक तृतीयांशाहून जास्त. चुन्यानं सामू वर ढकलला की मालकाच्या डोळ्यांदेखत मासे उलटे होतात. त्या घडीला करायचं एवढंच : खाद्य बंद, एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) असेल तर चालू, नसेल तर मोटार लावून तळ्याचंच पाणी उंचावरून तळ्यात पाडायचं. पावसाच्या पाण्यावर भरलेल्या प्लास्टिकच्या तळ्यात सामू आणखी नाचतो, कारण खाली माती नाही आणि पाण्याला सामू धरून ठेवणारी क्षारता कमी. हे गणित ज्याला जमतं त्याला मराठवाड्यात काम कमी पडत नाही.

पदव्युत्तरच्या पहिल्या वर्षी हेच हातात बसवतात. पाण्यातला प्राणवायू मोजायची विंकलरची पद्धत तुम्ही बीएस्सीला एखाद्या वेळी केली असेल. तिथं ती इतकी करावी लागते की झोपेत जमावी. बाटली पाण्याखालीच भरायची, आत एकही बुडबुडा नको. मँगेनीज सल्फेट, मग अल्कधर्मी आयोडाइड. प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढराच राहतो. गंधकाम्ल टाकलं की साका विरघळून पाणी पिवळं होतं; मग थायोसल्फेट सोडत जायचं, रंग फिका झाला की स्टार्चनं निळं करायचं आणि निळा रंग जाईल तो थेंब पकडायचा. आता मीटर मिळतात, मीही वापरतो. पण मीटर खोटं बोलतोय हे ओळखायला ही बाटलीच लागते. दुसरं वर्ष प्रबंधाचं. तेव्हा सुट्टी नसते, कारण टाकीतल्या माशांना रविवार नसतो.

आणखी एक गोष्ट आपल्या भागात फार चालते आणि फार थोडे लोक करतात. कटला, रोहू, मृगळ पावसाळ्यात अंडी घालतात, तीही वाहत्या पाण्यात. साठलेल्या तळ्यात घालत नाहीत. 1957 मध्ये डॉ. हिरालाल चौधुरी यांनी ओडिशात पीयूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन या माशांचं प्रजनन जमवलं, तो दिवस 10 जुलै आता मत्स्य शेतकरी दिन असतो. आजही बीज त्याच हंगामात मिळतं : आधी जिरे (अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं), मग अर्धबोटुकली, मग बोटाएवढी बोटुकली. बोटुकली हातात येईतो ऑगस्ट संपतो. फेब्रुवारी-मार्चला आटणाऱ्या तळ्यात ती सोडली तर काढणीला पाव-अर्धा किलोचा मासा मिळतो, आणि त्याला भाव नाही. यावर उपाय जुना आहे. आदल्या वर्षीची बोटुकली दाटीत, बेताच्या खाद्यावर वर्षभर ठेवायची. ती खुरटते, पण पहिल्या पावसाच्या पाण्यात मोकळी सोडली की झपाट्यानं भरून निघते. असं खुरटं बीज मागणारे तळेवाले भरपूर, विकणारे मोजके. तुमच्याकडे बारमाही पाण्याची एखादी विहीर आणि दोन लहान तळी असतील तर शिकतानाच हा धंदा मांडता येईल.

नोकरीचं थोडक्यात. खासगीत खाद्य आणि औषध कंपन्या घेतात, पण मोठं काम आंध्रात, व्हेनामी कोळंबीवर. तेलुगू शिकावं लागतं. नांदेड-देगलूरच्या पोरांना ते जड जात नाही. राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाची पदं आहेत, पण जाहिरात कधी येईल याचा भरवसा नाही, आणि दरवेळी पात्रतेची ओळ बारकाईनं वाचा, एमएस्सीवाल्यांचा घात तिथंच होतो. प्राध्यापक व्हायचं तर लाइफ सायन्सेसची नेट किंवा सेट. फक्त सरकारी नोकरीसाठी हे शिकत असाल तर शिकू नका.

अनुदानाच्या जोरावर धंदा सुरू करायचा विचार असेल तर ऐका. 2020 पासूनच्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण गटाला 40 टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के अनुदान ठेवलं. त्यावर बायोफ्लॉकच्या, म्हणजे पाण्यातले जिवाणू वाढवून त्यांच्या जोरावर दाटीत मासे पाळायच्या, कितीतरी टाक्या उभ्या राहिल्या. बायोफ्लॉकला चोवीस तास हवा लागते आणि आपल्याकडे वीज कधी असते ते तुम्हाला मी सांगायला नको. त्यातल्या काही टाक्यांत मी आता कडबा ठेवलेला पाहतो. 2025 मध्ये राज्य सरकारनं मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा द्यायचं ठरवलं, वीज आणि कर्ज शेतीसारखं मिळावं म्हणून. तो दर्जा तुमच्या बँकेच्या शाखेपर्यंत पोचलाय का, हे मॅनेजरच्या तोंडूनच ऐका.

घरात माळकरी मंडळी असतील तर तो वाद वेगळा. आमच्याकडेही आजोबांच्या गळ्यात माळ होती. त्यांनी एवढंच सांगितलं की घरात आणायचं नाही. मी आणत नाही.

आता करायचं काय? एमएस्सीचे अर्ज सुटले की भरून टाका. आणि येत्या जुलैत एखाद्या मत्स्यबीज केंद्रावर आठवडाभर राहायची परवानगी काढा. इंजेक्शन संध्याकाळी देतात, अंडी रात्री पडतात, जिरे दोन-तीन दिवसांनी मोजून पिशवीत भरतात, म्हणजे झोप होणार नाही. परतताना जवळच्या धरणावरच्या भोई बांधवांच्या सहकारी संस्थेत जाऊन बसा आणि ठेका, जाळं, बीज, भाव यांवर त्यांचं बोलणं ऐका. एवढं करूनही मन तिकडेच ओढत असेल तर घरच्यांशी बोला, आणि वडिलांना शक्य असेल तर त्या बीज केंद्रावर बरोबरच घेऊन जा.